सीबीसी मशीनला दुसऱ्या कंपनीचं लायज लावण्याआधी

अहेरी-चिमूरकडच्या लॅबमध्ये थ्री-पार्ट मशीनवर (पांढऱ्या पेशी तीन गटांत मोजणाऱ्या) दिवसाला दहा-पंधरा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या तपासण्या, निघतात. तिथं लायज (लाल पेशी फोडणारं द्रव) आणि डायल्युएंट (रक्त पातळ करणारं द्रव) निम्म्या भावात देणारा माणूस आला की हात शिवशिवतात. स्वस्त माल वाईटच असतो असं नाही. पण "कंट्रोल बरोबर आला" यावर विसंबू नका. कंट्रोल म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना; त्यातल्या पेशी रसायनानं टिकवलेल्या असतात. लायजचा कस लागतो तो इथल्या पेशंटच्या रक्तावर.

आधी मशीन फक्त कंपनीच्या कार्ड किंवा बारकोडचाच माल घेतं का आणि सर्व्हिस करारात काय लिहिलंय, ते बघा.

मग जुनं आणि नवं लायज एक-एक मिली काचेच्या नळीत मिसळून अर्धा तास उजेडासमोर ठेवा. (लेबलवर सायनाइड असेल तर हे करू नका.) एकात धनभारित आणि दुसऱ्यात ऋणभारित डिटर्जंट असेल तर द्रव दुधाळ होतो, खाली साका बसतो. तोच साका मशीनच्या नळीत बसला की अपर्चर (पेशी मोजण्याचं बारीक छिद्र) चोंदलंच समजा. त्यामुळे लाइन रिकामी करून डिस्टिल्ड वॉटरनं धुतल्याशिवाय नवा कॅन जोडू नये.

जोडल्यावर ब्लँक (रक्त न घालता केलेली मोजणी) तीनदा घ्या. मर्यादा मॅन्युअलमधलीच धरा; पांढऱ्या पेशी 0.2 हजार, हिमोग्लोबिन 0.1 ग्रॅम, प्लेटलेट 10 हजार अशा आसपास ती असते. फक्त प्लेटलेटचा ब्लँक चढत असेल तर डायल्युएंटमध्ये बहुधा कण किंवा बुडबुडे आहेत. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून हिंदकळत आलेला 20 लिटरचा कॅन रात्रभर स्थिर ठेवून पुन्हा बघा.

त्यानंतर एकच ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) सॅम्पल दहा वेळा लावा. हिमोग्लोबिनचा सीव्ही (दहा आकड्यांतला चढउतार) 2 टक्क्यांच्या, पांढऱ्या पेशींचा 3च्या आत हवा.

खरं काम 40 सॅम्पलच्या तुलनेचं. रोज दहा, चार दिवस. प्रत्येक सॅम्पल दोन्ही रिएजंटवर (जुन्या आणि नव्या मालावर), दोन तासांच्या आत. एक दिवस जुनं आधी, दुसऱ्या दिवशी नवं आधी, म्हणजे नळीत पडून राहिल्याचा दोष एकाच्याच माथी येत नाही. चाळीसही नॉर्मल घेतलेत तर मेहनत वाया. निदान आठ सिकलसेलची, आठ एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) 70च्या खालची, पाच प्लेटलेट 50 हजारांखालची हवीत. सिकलच्या लाल पेशी सहज फुटत नाहीत. लायज कमजोर असेल तर न फुटलेल्या पेशी पांढऱ्यांत मोजल्या जातात, हिस्टोग्रामची (पेशींच्या आकाराच्या आलेखाची) डावी बाजू तळाला टेकत नाही, लिम्फोसाइटचा (लहान पांढऱ्या पेशींचा) आकडा फुगतो. द्रव गढूळ राहिल्यानं हिमोग्लोबिन आणि एमसीएचसीही (लाल पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) चढतात. अशा सॅम्पलची स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) बघा आणि न्यूबाउअर चेंबरवर (पेशी मोजायच्या चौकटींच्या काचेवर) हातानं मोजणी करा.

एमसीव्ही सगळीकडे सारखाच वर आणि एमसीएचसी खाली असेल तर डायल्युएंट पातळ आहे, पेशी पाणी पिऊन फुगतात. इथं कॅलिब्रेशन फॅक्टर (मशीनचा आकडा दुरुस्त करणारा गुणक) फिरवून आकडा जुळवायचा मोह होतो. वापरायचं पक्कं केलेल्या रिएजंटवर फरक थोडा आणि सगळीकडे सारखा असेल, तरच नव्यानं कॅलिब्रेशन करणं योग्य. कधी जास्त, कधी कमी असं येत असेल तर माल परत पाठवा.

अमेरिकेच्या क्लिया (लॅबच्या दर्जाच्या) नियमात 2025पासून हिमोग्लोबिनला ±4, पांढऱ्या पेशींना ±10, प्लेटलेटला ±25 टक्के फरकाची सूट आहे. दोन रिएजंटमधला फरक याच्या बराच आत हवा. डेंग्यूच्या 40 हजारांत 25 टक्के म्हणजे 10 हजारांचा घोळ, तो चालवून घेऊ नये.

जानेवारीत पास झालेलं लायज मे महिन्यात पुन्हा तपासा. बहुतेक कॅनवर 30 किंवा 35 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि टिनाच्या खोलीत पारा 45 ओलांडतो.

भाव ठरवताना कॅनला पट्टी चिकटवून रोजची पातळी टिपा. स्टार्टअप, शटडाउन आणि ब्लँकलाही डायल्युएंट लागतं. दिवसाला बारा पेशंट असतील तर तो हिस्सा लहान नसतो. पंधरा दिवसांत उतरलेल्या लिटरांना सीबीसीच्या संख्येनं भागा आणि तोच आकडा घेऊन एजंटशी बोला.