चॉकलेट ओट्स नेमके बिघडतात कुठं? या चुका टाळा

पहिल्यांदा केले तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वाटीत चमचा उभा करून बघितला. तो उभाच राहिला. "खळ केलीयास व्हय? कुठं पोस्टरं डकवायची हायत?" तरुणपणी तालमीत घुमलेला आणि सकाळी मिसळीचा कट ओरपणारा माणूस, त्यांना डॉक्टरांनी तेलकट कमी करायला सांगितलं म्हणून हा उद्योग सुरू झाला होता. वाटी तशीच परत आली.

त्यानंतर वर्षभर हा पदार्थ मी जितक्या प्रकारे बिघडवता येतो तितक्या प्रकारे बिघडवला. त्यात ओट्सचा दोष क्वचितच निघाला. कोको कधी घालायचा, गूळ कधी घालायचा, दूध कधी ओतायचं, सगळा घोळ तिथं असतो.

दूध फाटलं, म्हणजे गुळाची घाई झाली

ही चूक आमच्या कोल्हापुरात जास्त होत असणार, कारण साखरेच्या डब्याआधी हात गुळाच्या ढेपेकडं जातो. माझ्याकडून झाली ती एका सोमवारी. दारात शाळेची रिक्षा हॉर्न वाजवतेय, पातेल्यात ओट्स दुधात रटरटतायत, आणि मी वरून मूठभर चिरलेला गूळ टाकला. अर्ध्या मिनिटात कडेनं तपकिरी पाणी सुटलं आणि मधे पनीरसारखे पांढरे कण तरंगायला लागले. लेक म्हणाला, "आई, ह्यात काय पडलं?"

गुळाला थोडा आंबटपणा असतो, क्षारही असतात. उकळत्या दुधाला एवढं फाटायला पुरतं. गूळ जुना असेल तर जास्तच. कोकोचीही थोडी आम्लता त्यात भर घालते. म्हणून गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं, वाफ जरा बसली की बारीक चिरलेला गूळ घालून ढवळायचं. नंतर पातेलं पुन्हा गॅसवर चढवायचं नाही. गार झालं म्हणून गरम करायला गेलात की परत तेच. फाटलेलं दूध ताजं होतं, तर ते खायला काही हरकत नाही, पण पोरांच्या गळी उतरत नाही. मी त्या दिवशी ते उभ्या उभ्या स्वतःच संपवलं.

आता कोल्हापुरात बसून गुळाविरुद्ध लिहायचं म्हणजे धाडसच, पण लिहिते. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चव तर आहेच. तरी तो शेवटी साखरच. १० ग्रॅम गुळात साधारण ३८ कॅलरी, साखरेत ३९-४०. 'गुळाचं आहे' म्हणून तीन-तीन चमचे घातले तर पौष्टिक न्याहारीचा शिरा होतो. मधुमेह असेल तर गूळ चालतो हा समज सोडाच.

गुठळ्या आणि कच्चट वास

कोकोची पूड नुसती वरून भुरभुरली की तिच्या गोळ्या होतात. बाहेरून ओल्या, आत कोरड्या ठणठणीत. कोकोत चरबी असते, त्यामुळे पाणी आत लवकर शिरत नाही. वाटीत दोन लहान चमचे कोको घ्या, त्यात तीन-चार चमचे कढत पाणी घालून मेंदीसारखं सरसरीत कालवा. मग ते पातेल्यातल्या पाण्यात घालून रवीनं घुसळा. रवी ओट्स पडायच्या आधी फिरवायची. ओट्स पडल्यावर फिरवली की मामांची खळ तयार. कोको असा सुरुवातीलाच शिजला की कच्चट वासही जातो.

दुकानातून आणताना डबा उलटा करून मागचं वाचा. ड्रिंकिंग चॉकलेट आणि कोको पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिलंच नाव साखर असेल तर तो डबा परत ठेवा. वरून किसायला चॉकलेट घेताय आणि त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलंय, तर ते कंपाउंड. केकवाल्याला ठीक, आपल्याला नको.

कडू लागतंय म्हणून लगेच गूळ वाढवू नका. आधी चिमटीभर मीठ. मिठानं कडवटपणा दबतो, गोडी आपोआप वर येते. मी हे मानायला सहा महिने घेतले.

खळ का होते

इन्स्टंट ओट्स चांगलेच बारीक असतात, एका उकळीत त्यांचं पीठ होतं. जाड पोह्यांसारखे दिसणारे रोल्ड ओट्स घ्या. अर्धा चमचा तुपावर रव्यासारखे भाजा, खमंग वास आला की पुरे. भाजलेला ओट्स लवकर चिकट होत नाही. पिठल्यासारखं सारखं हाटायचंही नाही. जितकं ढवळाल तितकी पिष्टमय पेज सुटते. मधूनमधून बुडापासून एक फेर, बास.

माझं माप एका माणसाला ४० ग्रॅम ओट्स (लहान वाटी), १५० मिली पाणी, १०० मिली दूध. कोकोच्या पाण्यात ओट्स चार मिनिटं शिजवायचे, मग तापवलेलं दूध, आणखी एक-दोन मिनिटं. नुसत्या दुधात शिजवले की बुडाला लागतात, नाहीतर उतू जातात. आपल्याकडं दूध म्हशीचं, स्निग्धांश सहा टक्के किंवा जास्तच. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून आणलेलं असेल तर ते आधी नीट उकळून घ्यायचं आणि साय काढायची. सायीसकट ओतलं की पौष्टिकपणा तिथंच संपतो.

उतरवताना पातळ दिसलं पाहिजे. पाच मिनिटांत ते स्वतःहून आळतं. पातेल्यातच घट्ट झालं तर ताटात गोळाच पडणार. तसं झालंच तर गरम पाणी घालून सैल करा, गार दूध नको.

करपलं तर खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. चमचा बुडाला टेकला की सगळ्यात जळका वास.

पावसाळ्यात ओट्स आणि कोको दोन्ही सादळतात. घट्ट झाकणाचा डबा, कोरडा चमचा. ओट्सला खवट वास आला तर सरळ टाका, चॉकलेटनं तो झाकत नाही.

नुसते ओट्स पुरत नाहीत

४० ग्रॅम ओट्समध्ये प्रथिनं पाच ग्रॅमच्या आसपास. नुसते खाल्ले की अकराला पोट ओरडतं आणि ऑफिसखालचा वडा खुणावतो. भाजलेल्या शेंगदाण्याचं दोन चमचे कूट घाला; कोकोशी त्याचं छान जमतं. सालीवर काळे ठिपके आलेलं जवारी केळं कुस्करलंत तर गूळ निम्म्यावर येतो. ओट्समधल्या बीटा-ग्लुकॅन नावाच्या तंतूनं कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम लागतो आणि एका वाटीत तो साधारण निम्माच. एका वाटीकडून चमत्काराची अपेक्षा नको.

उरलेलं टाकायचं नाही. चपट्या डब्यात थापून फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी वड्या पडतात. त्या तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूंनी भाजायच्या. मामा आता चहाबरोबर दोन वड्या खातात, वाटीतलं मात्र अजूनही 'खळ'च म्हणतात. आणि रविवारी मिसळ. त्यावर आमच्या घरात चर्चा होत नाही.