स्नॅपशॉट बॅकअप फेल झाला, तर सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी काय बघावं

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याचा काटा रात्रंदिवस चालू असतो. बीड, लातूर, धाराशिव कुठेही जा, रात्री दोन वाजताही उसाच्या गाड्यांची रांग असते. गाडीचं वजन, टोळीचा हिशेब, शेतकऱ्याची पावती हे सगळं एकाच सर्व्हरवर चढत असतं. बॅकअपची वेळ मात्र बिगरहंगामात कधीतरी लावलेली, तीच रात्री दोनची. सकाळी लाल फुली दिसते आणि कुणीतरी लगेच म्हणतं, "साहेब, एकदा रीस्टार्ट मारून बघा ना."

रीस्टार्ट लगेच मारू नका. विंडोज सर्व्हरवर स्नॅपशॉट, म्हणजे ड्राइव्हची त्या क्षणाची जशीच्या तशी स्थिती, घेण्याचं काम व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस करते. डेटाबेससारख्या बऱ्याच प्रोग्रामचा एक 'रायटर' असतो आणि स्नॅपशॉटपुरतं लिखाण थांबवायचं काम त्याच्याकडे असतं. कोणता रायटर कशामुळे अडकला ते त्या वेळी मेमरीत असतं. रीस्टार्ट केला की सगळे रायटर पुन्हा 'स्टेबल' दिसतात आणि खरं कारण हातचं जातं. म्हणून आधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' ही कमांड चालवा. ज्या रायटरपुढे 'फेल्ड' किंवा 'टाइम्ड आउट' लिहिलंय त्याचं नाव आणि एरर जशीच्या तशी उतरवून घ्या, निदान मोबाईलवर फोटो तरी काढा.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदी (लॉग) दाखवणारा प्रोग्राम, उघडा. ॲप्लिकेशन आणि सिस्टिम हे दोन्ही लॉग बॅकअपच्या वेळेच्या आसपास वाचा. सिस्टिम लॉगमध्ये 'व्होल्सनॅप' या नावाखाली २५ किंवा ३६ नंबर दिसला, तर बरंचसं कोडं तिथेच सुटतं. दोन्ही जागेशी निगडित आहेत, पण उपाय वेगळे आहेत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

३६ म्हणजे स्नॅपशॉटसाठी ठरवून दिलेली मर्यादा संपली. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज' चालवून किती जागा वापरलीय आणि कमाल किती दिलीय ते बघा. ड्राइव्हवर मोकळी जागा असेल तर 'रीसाइझ शॅडोस्टोरेज'ने मर्यादा वाढवा.

२५ चं तसं नाही. तिथे जागा शिल्लक असूनही ती वेळेत वाढवता आली नाही, कारण डिस्कवर लिखाणाचा ताण फार होता. स्नॅपशॉट चालू असताना डिस्कवरचा एखादा ब्लॉक, म्हणजे छोटा तुकडा, पहिल्यांदा बदलला की त्याची जुनी प्रत बाजूला ठेवावी लागते. काट्यावर गाड्यांची रीघ, त्यात कुणी बिलाचा मोठा रिपोर्ट लावलेला, वर अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन. मग डिस्कला उसंत कुठली? विंडोज अशा वेळी त्या ड्राइव्हचे जुने स्नॅपशॉटही पुसून टाकतं. यावर मर्यादा वाढवून उपयोग नाही. स्नॅपशॉटची जागा दुसऱ्या, स्वतंत्र डिस्कवर न्या. त्यासाठी आधीचे स्नॅपशॉट काढावे लागतात, म्हणून त्याआधी डेटाबेसचा साधा बॅकअप वेगळा घेऊन ठेवा. अँटिव्हायरस आणि डीफ्रॅगची वेळ बॅकअपपासून लांब न्या. बॅकअपची वेळ ठरवताना काटा क्लार्कला विचारा. गाड्या कधी कमी असतात ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

टाइम्ड आउटचं मूळही बहुधा हेच असतं. रायटरला लिखाण रोखून धरायला जास्तीत जास्त ६० सेकंद मिळतात आणि प्रत्यक्ष स्नॅपशॉट घ्यायला १० सेकंद. मंदावलेल्या डिस्कला तेवढं जमत नाही. सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ नंबर, म्हणजे बॅड ब्लॉक (डिस्कचा खराब झालेला तुकडा), दिसत असेल तर बाकी सगळं सोडा. आधी डेटा दुसरीकडे हलवा आणि डिस्क बदला. वळवाच्या पावसात लाइट पुन्हा पुन्हा जाते आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर सर्व्हर धाडकन बंद होतो. म्हणून मे महिन्यानंतर हा लॉग आवर्जून तपासावा.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचाच रायटर फेल असेल तर 'एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर' ही एकच सर्व्हिस रीस्टार्ट करा. पूर्ण सर्व्हर पाडायची गरज नाही. तरी जमलं नाही तर डेटाबेसच्या नावांवर नजर टाका. नावाच्या शेवटी चुकून स्पेस राहिली असेल तर हा रायटर अडतो, आणि स्क्रीनवर ती दिसतही नाही. एकाच वेळी दोन बॅकअप सॉफ्टवेअर चालू असतील तर एकाची वेळ बदला.

सर्व्हर लिनक्सवर असेल आणि त्यात एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची सोय) असेल तर 'एलव्हीएस' कमांडमधला डेटाचा टक्का बघा. जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट १०० टक्के भरला की निकामी होतो. तो काढून मोठा घ्यावा लागतो.

दुरुस्तीनंतर बॅकअप हाताने चालवा, तोही काटा चालू असताना. हिरवी खूण आली तरी थांबू नका. बॅकअपमधला डेटाबेस दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, कालच्या तारखेची एखादी वजनपावती काढा आणि कार्यालयातल्या कागदी प्रतीशी आकडा ताडून बघा. आणि ती बॅकअप फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर पडून असेल, तर आजच बाहेरच्या डिस्कवर घेऊन दुसऱ्या इमारतीत ठेवा.