साइड व्हीलच्या स्कूटरसाठी जास्त टिकणारा पुढचा टायर कसा निवडावा

मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं, म्हणजे साइड व्हील, लावलेल्या स्कूटरचा पुढचा टायर लवकर जातो. दुकानात गेलं की सल्ला ठरलेला असतो: "मोठ्या कंपनीचा घ्या, थोडा रुंद घ्या, ग्रिपवाला घ्या." हा सल्ला दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीचा आहे. आपली गाडी वळताना कलत नाही, आणि टायर निवडताना सगळा फरक त्यानेच पडतो.

दोनचाकी वळणावर कलते तेव्हा टायरचा गोलावा कामी येतो. कधी मधला भाग रस्त्याला लागतो, कधी कडेचा, आणि झीज वाटली जाते. साइड व्हीलची गाडी ताठच राहते. मधली पट्टी सतत रस्त्यावर, म्हणून कडेची नक्षी नव्यासारखी असतानाच मध्ये टायर गुळगुळीत होतो. शिवाय वळायचं ते निव्वळ हँडल फिरवून, त्यामुळे प्रत्येक वळणावर पुढचं चाक थोडं आडवं घासतं. नागपुरात मोठमोठे रस्ते सिमेंटचे झालेत, त्यांच्या खरबरीत पाठीवर ही घासणी जास्त लागते. त्यात नवतपाचं, म्हणजे मेअखेरच्या नऊ दिवसांचं कडक ऊन, आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर रबर आणखी तापतं.

आधी जुना टायर नीट बघा

माझी सर्वांत जास्त दमछाक इथेच झाली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. जुना टायर काढून टाकण्याआधी तो कसा झिजलाय हे समजलं नाही, तर नवा टायर कितीही चांगला आणा, तो त्याच वाटेने जाणार.

मधली पट्टी सरळ, एकसारखी झिजली असेल तर गाडी ठीक आहे. फक्त कमी गोलाव्याचा टायर घ्यायचा. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहत होती. जागोजागी खळगे पडले असतील तर टायरला दोष देऊ नका. शॉकअप आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) तपासून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल डावीउजवीकडे फिरवा आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा, मागेपुढे हलवून पाहा. खटखट जाणवली किंवा मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर आधी तो खर्च करा.

खरी मेख आहे एका बाजूने झिजलेल्या टायरमध्ये. तळहात टायरवरून आडवा फिरवा, एकदा डावीकडून उजवीकडे, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धारदार लागलं, तर चाक सरळ न चालता थोडं तिरकं ओढलं जात होतं. आपला रस्ता पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरता असतो, त्यामुळे न कलणारी गाडी थोडी डावीकडे जाते आणि आपण नकळत हँडल उजवीकडे धरतो. एवढ्याने किंचित एकतर्फी झीज होणारच. पण सपाट जागेवरही गाडी एकाच बाजूला ओढत असेल, तर साइड व्हीलची फ्रेम वाकडी बसली आहे.

ते घरीच तपासता येतं, मेकॅनिकच्या "बरोबर आहे हो"वर विसंबू नका. सपाट फरशीवर गाडी आणा, हँडल सरळ ठेवा आणि तुम्ही स्वतः गाडीवर बसा. रिकाम्या गाडीचं माप निरुपयोगी असतं. दुसऱ्या कोणाला तरी तिन्ही टायर फरशीला टेकतात तिथे, टायरच्या मधोमध, खडूने खूण करायला सांगा: पुढचं चाक आणि दोन्ही साइड व्हील. मग गाडी बाजूला घ्या आणि पुढच्या खुणेपासून दोन्ही मागच्या खुणांपर्यंत टेपने मोजा. दोन्ही अंतरं सारखी हवीत. त्यानंतर दोन साइड व्हीलमधलं अंतर मोजा, एकदा टायरच्या पुढच्या कडेला आणि एकदा मागच्या कडेला, दोन्ही वेळा ॲक्सलच्या उंचीवर. पुढे कमी आणि मागे जास्त, किंवा उलट, असेल तर ती चाकं एकमेकांशी भांडत चालली आहेत आणि ते भांडण मिटवण्यासाठी तुम्ही हँडल दाबून धरता. एक साइड व्हील दुसऱ्यापेक्षा खाली असेल तरी हेच होतं.

फरक सापडला तर नवा टायर घ्यायला जाऊ नका. ज्याने फ्रेम बसवली त्याच्याकडे जा, बोल्ट सैल करून सरळ करून घ्या, पुन्हा मोजा. "नवीन टायर टाका, ओढणं बंद होईल" असं तो म्हणाला तर ऐकू नका.

दुकानात काय बघायचं

साइज कंपनीने दिलेलीच. जुन्या ॲक्टिवाला पुढे ९०/१००-१०, नव्या ६जीला ९०/९०-१२. रिमच वेगळी, अदलाबदल शक्य नाही. साइजपुढचा ५३जे किंवा ५४जे हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. ५३ म्हणजे टायर २०६ किलो भार पेलतो, ५४ म्हणजे २१२ किलो, आणि जे म्हणजे वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत.

रुंद टायर घेऊ नका. न कलणाऱ्या गाडीचं हँडल मुळातच जड असतं, रुंद टायरने ते आणखी जड होतं. ज्यांच्या हातात किंवा खांद्यात जोर कमी आहे त्यांना महाल-इतवारीच्या गल्ल्यांत एका फेरीत समजेल.

त्याच साइजमध्ये पाठ, म्हणजे रस्त्याला लागणारा भाग, सपाट असलेला टायर शोधा. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी ठेवा. ती टायरवर आडवी टेकवा आणि किती रुंदीला टेकते ते बघा. गोल पाठीच्या टायरवर ती मधोमध जेमतेम टेकते. सपाट पाठीवर बरीच टेकते. जेवढी जास्त टेकेल तेवढी झीज पसरेल. त्याच पट्टीने मधल्या खाचेची खोली मोजा, दोन-तीन टायरांची तुलना करा. दुकानदार वैतागला तरी करा, पैसे तुमचे आहेत.

नक्षीत मधोमध सलग पट्टी किंवा चाकाभोवती सरळ फिरणाऱ्या खाचा असलेला टायर घ्या. सुट्या चौकोनी ठोकळ्यांचा टायर आपल्या गाडीवर खळगे धरतो. "स्पोर्ट्स ग्रिप"चं मऊ रबर ज्यांना गाडी झुकवायची त्यांच्यासाठी आहे, त्यांनीच घ्यावं. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, पुढच्या चाकाला कधीच नाही.

बाजूला चार आकडी तारीख असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी सोडा. आयएसआयची खूण बघा.

काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असतात. मागचं चाक गाडी ढकलतं, पुढचं मुख्यतः ब्रेकचा ताण घेतं. हे दोन ताण उलट दिशेचे. बसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून पुढच्या चाकासाठीचा बाण गाडी चालते त्याच दिशेला आहे ना, ते बघून घ्या. बाकी बसवणं त्याचं काम.

बसवल्यानंतर

हवा सकाळी, गाडी थंड असताना. ॲक्टिवाला पुढे २२ पीएसआय. पंक्चरवाल्याच्या हाताला मागच्या चाकाच्या आकड्याची सवय असते, तो पुढेही तेवढीच भरून देतो. मग पाठ फुगते आणि तुम्ही सपाट टायर शोधून मिळवलेलं सगळं जातं. आकडा सांगा आणि मीटर स्वतः बघा. नायट्रोजनवर पैसे घालवण्यापेक्षा स्वतःचा छोटा प्रेशर गेज घ्या.

उभ्या गाडीवर हँडल पूर्ण फिरवू नका. पार्किंगमधून निघताना आधी गाडी थोडी सरकू द्या, मग फिरवा. जागेवर फिरवलेलं हँडल म्हणजे टायर फरशीवर घासून काढणं.

महिनाभराने तळहात पुन्हा टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेने धार लागायला लागली असेल तर खडू आणि टेप काढा, टायर अजून वाचवता येतो.