ठासणीचे रिव्हॉल्वर पहिल्यांदा चालवताना या चुका टाळा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात गाजलेली कोल्टची 1860 ची आर्मी आणि रेमिंग्टनची 1858 ची म्हणून ओळखली जाणारी, अशा .44 कॅलिबरच्या रिव्हॉल्वरांच्या प्रतिकृती आज इटलीतील उबेर्ती आणि पिएत्ता या कंपन्या बनवतात, आणि अमेरिकेत नेमबाजीची आवड जडलेले अनेक जण सुरुवात त्यांच्यापासूनच करतात. या हत्यारांत तयार काडतूस नसते. सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे छिद्र असलेल्या छोट्या बोंडावर, घोड्याच्या घावाने ठिणगी देणारी टोपी बसवायची, हे सारे नेमबाजालाच करावे लागते. त्यामुळे बार न उडण्याचे कारण बहुतेक वेळा हत्यारात नसून भरण्यात सापडते.

आधी कायद्याविषयी. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यात टोपीवर चालणाऱ्या जुन्या हत्यारांना आणि त्यांच्या प्रतिकृतींना बरीच सूट असली, तरी अनेक राज्यांचे नियम अधिक कडक आहेत, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या राज्याचे नियम वाचावेत. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय असे हत्यार बाळगता येत नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूकसुद्धा परवान्याचीच असते.

सर्वांत घातक चूक दारूच्या निवडीत होते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू किंवा तिच्याऐवजी वापरण्यासाठीच बनवलेला पायरोडेक्ससारखा पर्याय, याखेरीज या सिलिंडरमध्ये काहीही जाता कामा नये. आधुनिक काडतुसांतली धूरविरहित दारू चिमूटभर घातली तरी सिलिंडर फुटून हात जायबंदी होऊ शकतो. पर्यायी दारू वजनाने न भरता काळ्या दारूच्या मापाने, म्हणजे आकारमानानेच भरावी. .44 च्या पोलादी चौकटीच्या हत्यारासाठी 25 ग्रेनच्या (ग्रेन हे दारू मोजण्याचे एकक) आसपासचे माप नवख्याला पुरेसे असते. पितळी चौकटीसाठी ते कमी ठेवावे आणि दोन्ही बाबतींत निर्मात्याच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम मानावा. डब्यातून थेट चेंबरमध्ये दारू ओतू नये, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असेल तर अख्खा डबा हातात भडकेल. ती नेहमी वेगळ्या मापात घेऊनच ओतावी.

गोळी मऊ, शुद्ध शिशाची आणि चेंबरपेक्षा किंचित मोठी हवी; .44 साठी हत्याराप्रमाणे 0.451 किंवा 0.454 इंच व्यासाची गोळी लागते. ठासणीच्या दांड्याने ती आत दाबताना कडेने शिशाचे पातळ कडे तासून निघाले पाहिजे. ते कडे अखंड निघाले म्हणजे गोळी घट्ट बसली. निघाले नाही तर गोळी लहान आहे आणि ती वापरू नये. अशा सैल गोळीच्या कडेने एका बाराची ज्वाला शेजारच्या चेंबरमध्ये शिरते आणि एकाच वेळी दोन-तीन बार उडतात. मागच्या बाजूने, सैल टोप्यांच्या वाटेनेही हेच घडू शकते. म्हणून गोळीखाली ग्रीस लावलेली नमद्याची चकती किंवा गोळीवर मेण आणि चरबीचे मिश्रण वापरावे, आणि टोप्या निपलच्या मापाच्याच घ्याव्यात. गोळी दारूला टेकेपर्यंत दाबलीच पाहिजे, मधे पोकळी राहू देऊ नये. माप कमी असल्यामुळे दांडा तिथवर पोहोचत नसेल, तर काही जण मधे थोडा मक्याचा किंवा गव्हाचा रवा भरतात, आणि ही रीत चांगली आहे.

आता सर्वांत नेहमीची तक्रार: घोडा पडतो, पण बार उडत नाही. टोपी पहिल्या घावाला न फुटता दुसऱ्याला फुटत असेल, तर ती पुरती खाली बसलेली नव्हती आणि पहिल्या घावाची शक्ती तिला बसवण्यातच खर्च झाली. लाकडी काडीने ती दाबून बसवावी, घोड्याने कधीही नाही. टोपी फुटूनही दारू पेटली नाही, तर निपलच्या छिद्रात तेल किंवा काजळी अडकलेली असते. अशा वेळी नळी निशाण्याकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबावे, कारण दारू उशिरा पेटू शकते, आणि मगच नवी टोपी लावावी. हा प्रसंग टाळण्यासाठी भरण्यापूर्वी चेंबर कोरडे पुसावेत आणि रिकाम्या निपलांवर एकेक टोपी उडवावी. नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरल्यास पाते हलताना दिसते. ते हलले, तर वाट मोकळी आहे. दारू ओतायचीच राहून नुसती गोळी ठासली गेली असेल, तर निपल काढून मागून दारूचे थोडे कण घालावेत, निपल परत बसवून टोपी लावावी आणि गोळी निशाण्याकडे उडवून टाकावी.

काही बारांनंतर सिलिंडर फिरेनासे होते. कोल्टमध्ये फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत पडला आहे का, हे आधी पाहावे. नळी धरून ठेवणारी पाचर जास्त ठोकली गेली तरीही सिलिंडर घासते. रेमिंग्टनमध्ये दोष बहुधा आसावरच्या काजळीचा असतो, कारण त्याचा आस बारीक असून त्यावर ग्रीसला जागा कमी मिळते. दोन्हींत खनिज तेल टाळावे, कारण काजळीशी मिसळून त्याचे डांबरासारखे चिकट लुकण होते.

सफाई दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते, आणि दमट हवेत एका रात्रीत नळीत तांबूस गंज दिसू लागतो. लाकडी मूठ काढून ठेवून नळी आणि सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने धुवावेत, पूर्ण वाळवून तेलाचा पातळ हात फिरवावा आणि निपल परत बसवताना त्यांच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वेळी ते पान्याने सहज निघतील.