मॉडेलवरच्या डिकलखाली चंदेरी डाग दिसतोय?
मॅट रंगावर थेट डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र, लावलं की खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि पारदर्शक कड चंदेरी दिसू लागते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात द्या आणि तो नीट वाळू द्या. तरीही विमानाच्या पंखावरच्या चिन्हाखाली डाग उरलाच, तर बारीक सुईने तिथे टोचे मारा, पॅनेलच्या रेषेवरून (पत्र्यांचा जोड दाखवणाऱ्या खाचेवरून) धारदार ब्लेड हलकेच फिरवा आणि ब्रशने मायक्रो सोल हे डिकल मऊ करणारं द्रावण सोडा. डिकल आधी सुरकुततं, बघून पोटात गोळाच येतो. पण बोट लावू नका, वाळताना ते बहुतेक वेळा आपोआप सपाट बसतं. तिरकं बसलेलं डिकल मात्र मायक्रो सोलच्या आधीच पाण्याने भिजवून ओल्या ब्रशने सरकवा. नंतर ते इतकं मऊ पडतं की हात लागताच फाटतं.