ताण कामाचा, ठणका हाताला: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मार्चएंडला हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्या अनेकांचे हात भरून येतात. एप्रिलमध्ये दुखणं ओसरतं आणि रिटर्नच्या गर्दीत जुलैमध्ये पुन्हा डोकं वर काढतं. कीबोर्ड तोच, खुर्चीही तीच, वाढलेला असतो तो कामाचा दाब. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ साली कारकुनांच्या हातदुखीची तीन कारणं नोंदवली होती: सतत बसून राहणं, हात न थांबता एकाच पद्धतीने चालवणं, आणि आकडेमोडीत चूक होऊन मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. टाक जाऊन टॅली आली, तरी यादीत फारसा बदल झालेला नाही. बहुतेक लोक मात्र यातलं एकच कारण धरतात. कुणी महागडा माउस घेतो, कुणी ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढ्यावर भागवतो. दोन्ही अर्धे उपाय आहेत.

ताणाचा हातावर परिणाम कसा होतो ते नेमकं समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक उपाय त्यावरच बेतलेला आहे. दाब वाढला की खांदे नकळत कानांकडे सरकतात, श्वास वरवरचा होतो आणि मानेचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. कीबोर्डची कळ दाबायला साधारण ५० ते ६० ग्रॅमचा दाब पुरतो, पण घाईत आपण त्याच्या दुप्पट-तिप्पट जोराने बडवतो. माउस हातात धरायच्या ऐवजी मुठीत पकडतो. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखाली असतात, त्यामुळे दुखतं बहुधा तिथे. ताणात हातांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात. त्यातच झोप कमी झाली की तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. दुखणं ‘मनाचं’ आहे असं याचा अर्थ कुणी काढू नये. दुखतो तो हातच.

आधी जागा ओळखा

‘हात दुखतो’ एवढ्याने काही ठरत नाही. बोट ठेवून जागा दाखवता येते का ते पाहा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू इथे मुंग्या येत असतील, रात्री त्याने जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दाबली जाते आहे. या बोगद्यातून ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि एक नस जाते. कंडरांभोवती सूज आली की पहिला मार नसेला बसतो. यालाच कार्पल टनेल म्हणतात.

मुंग्या करंगळीकडे असतील तर मनगटाला दोष देऊ नका. ती नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवणं किंवा तासभर फोन कानाला लावून हात दुमडून ठेवणं ही नेहमीची कारणं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीच्या दिशेने झुकवा. सणक आली तर तिथल्या कंडराचं आवरण सुजलेलं असू शकतं. कीबोर्डपेक्षा मोबाइलवरचं टायपिंग आणि लहान बाळाला उचलणं इथे जास्त नडतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं हे बऱ्याचदा माउस आवळण्याचं आणि मनगट वर उचलून धरण्याचं फळ. बोट वाकल्यावर अडकून खटकन सुटत असेल तर तो वेगळा विकार आहे आणि मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो.

यातलं काहीच नेमकं नसेल, कोपरापासून बोटांपर्यंत हात नुसता जड वाटत असेल, आज इथे तर उद्या तिथे दुखत असेल आणि जोडीला मान आखडलेली असेल, तर ते स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी आहे. कामाच्या ताणाशी सर्वात घट्ट बांधलेलं दुखणं हेच, आणि सवयी बदलल्यावर सर्वात चांगलं सुधारतंही हेच.

काही लक्षणांत घरगुती उपायांना जागाच नाही. हात अचानक लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, किंवा छातीत दाब येऊन डाव्या हातात कळ गेली, तर थेट इस्पितळ गाठा. बधिरपणा दिवसभर न जाणं, हातातून कप किंवा चावी निसटणं, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होत जाणं, किंवा सकाळी बोटांचे सांधे सुजून अर्धा-पाऊण तास न वळणं, असं काही असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

सात दिवसांची वही

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मनगटाखाली ठेवायची दोन हजारांची उशी घेऊन बसतात. सकाळी ११, दुपारी २, संध्याकाळी ५ आणि रात्री ९ या चार वेळांना दोन आकडे लिहा: दुखणं ० ते १० मध्ये किती आणि ताण ० ते १० मध्ये किती. शेजारी चार शब्दांत काम लिहा, जसं ‘जीएसटी जुळवणी’, ‘साहेबांसोबत मीटिंग’, ‘स्कूटर ४० मिनिटं’. त्याहून जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल.

आठवड्याने आकडे वाचा. टायपिंग कमी असूनही ताणाच्या वेळी दुखणं चढत असेल तर दोष पकडीत, श्वासात आणि खांद्यांत आहे. ताण कितीही असो, तीन तास सलग बसल्यावर दुखत असेल तर टेबलाची मांडणी आणि विश्रांती आधी सुधारा. रात्री ९चा आकडा संध्याकाळी ५च्या आकड्याहून मोठा असेल तर ऑफिसला सोडा, घरी काय करता ते पाहा: मोबाइल, कपडे पिळणं, खवणीवर नारळ, कणीक तिंबणं. वाहतूक कोंडीत दुचाकीचा अॅक्सिलरेटर आवळून धरणं याही खात्यात येतं. सिग्नलला थांबल्यावर दोन्ही मुठी सोडून बोटं पसरा, फुकटचा व्यायाम होतो.

टेबल

आपल्याकडची टेबलं साधारण ३० इंच उंच असतात. पाच फूट-सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला ती टायपिंगसाठी उंच पडतात, मग खांदे वर जातात किंवा मनगट मागे मोडतं. टेबलाचे पाय कापता येत नाहीत, म्हणून खुर्ची वर घ्या. खांदे सैल सोडल्यावर कोपर कीबोर्डच्या उंचीला आला पाहिजे. पाय लटकू लागले तर खाली पाट किंवा कागदाची दोन रिमं ठेवा. कीबोर्डचे मागचे छोटे पाय मिटवून टाका. त्यांनी कळा छान दिसतात, पण मनगट मागे वाकतं.

लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या आणि लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. मनगटाखालची जेलची उशी टायपिंग थांबल्यावर हात टेकायला ठीक, पण टायपिंग चालू असताना मनगट त्यावर दाबून ठेवलं तर बोगद्यावरच भार येतो.

हिशेबाचं काम करणाऱ्यांची एक खास अडचण असते. आकड्यांचा पॅड उजवीकडे, त्यामुळे माउस आणखी उजवीकडे ढकलला जातो आणि हात खांद्यापासून बाहेर ताणलेला राहतो. आकड्यांविना येणारा छोटा कीबोर्ड आणि डाव्या हाताला सुटा नंबर पॅड, ही यावरची चांगली तोड. डाव्या हाताला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या काळात चुका होतात, म्हणून ही सुरुवात मार्चमध्ये करू नका. ते जमत नसेल तर माउस डावीकडे घ्या आणि पॉइंटरचा वेग थोडा वाढवा.

पकड सैल करणं

टेबल सुधारूनही दुखणं राहतं ते बहुधा इथे अडतं. दर २५-३० मिनिटांनी फोनचा कंपन गजर लावा. तो वाजला की हात मांडीवर, तळवे वर, ३० सेकंद. खांदे कानांपर्यंत उचला, ५ सेकंद धरा आणि एकदम सोडा. मग चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पाच श्वास. बाहेर जाणारा श्वास लांब हवा, कारण त्यानेच शरीर ढिलं पडतं. गजर बंद करून काम पुढे रेटायचा मोह नेमका जास्त दाबाच्या दिवशी होतो, आणि ३० सेकंदांची गरज त्याच दिवशी सर्वात जास्त असते.

दिवसातून एकदा, शक्यतो जेवणाच्या सुट्टीत, एक प्रयोग करा. माउस मुद्दाम पूर्ण ताकदीने आवळा, मग निम्म्या, मग पाव, आणि शेवटी तो हातातून निसटणार नाही इतक्याच जोराने धरा. कळा दाबतानाही असंच. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्नायू आधी आवळून मग सोडण्याची जी पद्धत बसवली, तिचं तत्त्व हेच: आवळलेलं कसं लागतं हे कळल्याशिवाय सैल सोडता येत नाही. रात्री अंथरुणात मूठ, दंड, खांदे, कपाळ, जबडा या क्रमाने प्रत्येकी ५ सेकंद आवळा आणि १५ सेकंद सोडा. दुखरी मूठ मात्र निम्म्याच जोराने आवळा.

व्यायाम

मुंग्या असतील तर कंडरा सरकवण्याचा व्यायाम बरा: बोटं सरळ, मग फक्त वरची पेरं वाकवून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. पाच वेळा, दिवसातून तीनदा. नमस्कारासारखे तळवे जोडून कोपर वर ओढण्याचा ताण अनेक जण देतात, पण मनगट पूर्ण मागे वाकल्याने मुंग्या वाढू शकतात. वाढल्या तर सोडून द्या.

कोपराच्या बाहेरच्या दुखण्याला ताकदीचा व्यायाम लागतो. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा, हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि बाटली हळू, चार सेकंद घेत, खाली न्या. दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. करताना १० पैकी ३-४ पर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर पाणी निम्मं करा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणं ही इथली सर्वात मोठी चूक.

रात्र आणि पट्टा

रात्रीच्या मुंग्यांना मनगटाचा पट्टा उपयोगी पडतो, पण मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे झुकलेलं राहील अशी वाकवलेली असते. ती बाहेर काढून सरळ करा, पुन्हा घाला. पट्टा इतकाच घट्ट की खाली एक बोट सरकेल. फक्त झोपताना, सहा आठवडे. तो बांधून टायपिंग केलं तर स्नायू पट्ट्याशीच झगडतात. हात उशीखाली दाबून झोपू नका. गार बोटांना आणि आखडलेल्या स्नायूंना १५ मिनिटं शेक, ताज्या सुजेला कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं. दुखऱ्या मनगटाला ओढून ‘बसवून’ घेऊ नका. वेदनाशामक गोळ्या आठवड्याच्या पुढे स्वतःच्या मनाने नकोत. पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी पहिली गोळीही विचारूनच घ्यावी.

कामाचं काय

सर्वात जास्त पोखरतं ते भरपूर काम आणि त्यावर स्वतःचा काहीच ताबा नसणं. म्हणून साहेबांकडे ‘ताण फार आहे’ असं म्हणत जाण्यात अर्थ नाही. वही घेऊन जा आणि नेमकं मागा: ‘सर, बँक जुळवणी आणि टीडीएस दोन्ही आज आहेत. तीन तास सलग टायपिंग झालं की हात बधिर होतो. जुळवणी उद्या दुपारी दिली तर चालेल, की टीडीएस कुणाबरोबर वाटून घेऊ?’ दोन पर्याय दिले की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. स्वतःच्या हातात असलेला बदल म्हणजे कामांची सरमिसळ: तासभर एंट्री, मग फोन, फायलिंग किंवा कागद तपासणं, मग पुन्हा एंट्री. रात्री येणाऱ्या व्हॉट्सअॅप निरोपांना अंगठ्याऐवजी आवाजाने उत्तर द्या, किंवा सकाळी द्या.

दोन आठवडे झोप उडालेली असेल, ऑफिसच्या विचारानेच छाती धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हाताचे व्यायाम पुरणार नाहीत. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं नेमाने करूनही सहा आठवड्यांत वहीतले आकडे खाली आले नाहीत तर हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे वही घेऊनच जा. मुंग्या असतील तर साखर, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगतील, कारण मधुमेह किंवा मंदावलेल्या थायरॉईडमुळे मनगटातली नस लवकर दबते, आणि शाकाहारी जेवणात बी-१२ कमी पडून हातापायांना मुंग्या येणं आपल्याकडे दुर्मीळ नाही. गरज वाटली तर नसेची विद्युत तपासणी करतात. ती किंचित झोंबते, साधारण अर्ध्या तासात आटोपते. त्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका.