बकरी दिसली की कुत्रं सुटतंय? लांब दावं लावा

सुगी झाली की आमच्या खानापूर-बेळगाव भागात धनगरांची बकरी (म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचे कळप) रानात बसायला, म्हणजे शेतात रात्रीच्या मुक्कामाला येतात, आणि घरचं कुत्रं त्यांच्या मागं लागतं. गाभण मेंढी पळाली तर गाभडण्याची भीती असते. आमच्या मोत्यावर हा उपाय लागू पडला.

१. ३० फुटी सुती दोर घ्या. तो गळपट्ट्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांधा. धावत जाऊन हिसका बसला तर मानेला इजा होते.

२. कळपापासून इतकं लांब उभं राहा की कुत्र्याला बकरी दिसतील, पण ते ओढणार नाही. आम्ही पहिल्या दिवशी पार बांधापलीकडं, २०० पावलांवर होतो.

३. त्याचे कान ताठ झाले, शेपटी थांबली की लगेच नावानं हाक मारा. हाच खरा क्षण. एकदा पळत सुटल्यावर हाक ऐकूच जात नाही. वळून बघितलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. कोरड्या भाकरीवर ते भुलत नाही.

४. रोज १० मिनिटं पुरे. ओढणं थांबलं तरच १० पावलं पुढं सरका.

मागं लागून परत आलं तर मारू नका. हाकेला आलं म्हणून मार बसला, असंच ते धरतं आणि पुढं येईनासं होतं.

आणि दोर हाताला गुंडाळू नका, बोटं सोलून निघतात. बकरी रानात बसलेली असतील त्या रात्री मात्र कुत्रं घरीच बांधून ठेवा, कितीही शिकलेलं असलं तरी.